शनिवारची भट्टी

सन दोन हजार सतरा. मला त्रेसष्टावं चालू होतं. दुपारी एकच्या सुमाराला, जेव्हा गिऱ्हाईक नसतं, एक ठेंगणी म्हातारी आमच्या बेकरीच्या काउंटरशी आली. एक पाव घेतला. उभ्या उभ्या मधून फोडला आणि खायच्या ऐवजी नाकाला लावला. डोळे मिटून वास घेतला. मग तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि मला म्हणाली, "भाऊ, भट्टी चांगली आहे. मीठ कमी आहे."

मी म्हणालो, "बाई, या मिठावर इंदूरचं अख्खं तुकोगंज चाळीस वर्षं चहा पितंय. कोणी मेलं नाही."

"मेलं असं मी कुठं म्हटलं? कमी आहे म्हटलं." उरलेला पाव पिशवीत नीट ठेवून ती गेली.

संध्याकाळपर्यंत मी चिडलेला होतो. दुसऱ्या दिवशी मैद्यात मीठ थोडं वाढवलं. कारागिराने विचारलं, काका, आज ज्यादा डाला क्या, तर त्याला म्हटलं, तू अपना काम कर.

मी कसा आहे ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. माझे पणजोबा संस्थानच्या पागेत होते. त्यांची तलवार अजून घरात आहे, गंजलेली, पण आहे. वडिलांच्या वाट्याला पागा आली नाही, मैदा आला. मी चौथीत शाळा सोडली आणि भट्टीपुढे उभा राहिलो. घरात माझा शब्द चालतो आणि तो मी कोणाला विचारून देत नाही. आमच्या घराण्यात मोठ्या माणसाने धाकट्याला विचारायची पद्धतच नाही. बाईचं नाव मात्र इथे लिहीत नाही. त्या नावाला माझ्यामुळे पुरेसा त्रास झालेला आहे.

आठवड्याने बाई परत आली. आमच्याकडे दिवाळीच्या आधी सगळी मराठी घरं मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून आणतात. सामान त्यांचं, भट्टी आमची. नानखटाई भाजून घ्यायची आणि डबे घेऊन घरी जायचं. ही रीत वडिलांपासूनची. बाईने तीच रीत माझ्यापुढे ठेवली.

"दिवाळीत सगळ्यांना भट्टी देता ना? मला शनिवारी दुपारी द्या. सामान माझं, मुलं माझी. सकाळच्या पावानंतर भट्टी निवत असते, तेवढी आच मला पुरते."

"मुलं कसली?"

"आमच्या चर्चच्या शब्बाथ शाळेची. नऊ आहेत. रविवारी त्यांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगते. नुसतं सांगून कान तृप्त होतात, हात रिकामे राहतात. मी मास्तरीण होते, मला माहीत आहे. हातातून गेलं की डोक्यात राहतं."

मला खरं तर नाही म्हणायचं होतं. पण तिने जाता जाता काउंटरवरचा पाव उचलला, फोडला, वास घेतला आणि मान हलवली. मीठ बरोबर झालं होतं. मी म्हणालो, "शनिवारी या. पण लाकडांना हात लावायचा नाही."

बाई मूळची नगरकडची ख्रिस्ती. लग्न होऊन इंदुरात आली, इथल्याच एका शाळेत शिकवत म्हातारी झाली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मागच्या गल्लीत एका खोलीत भाड्याने राहायची. भाचा इंदुराबाहेर सिमरोलला, तिथल्या मोठ्या इंजिनियरिंग कॉलेजच्या मेसमध्ये कामाला. एवढाच तिचा गोतावळा. मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, साडीखाली कॅनव्हासचे बूट. आली की म्हणायची, "सलाम, भाऊ." नगरकडचे ख्रिस्ती एकमेकांना सलाम म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई मला मुसलमान समजते.

मुलं रांगेने यायची. आधी हात धुणं. बाई एकेकाचे हात उलटेपालटे करून बघायची, मग वास घ्यायची. साबणाचा वास नाही आला तर परत नळाशी. "हात खोटं बोलत नाहीत," म्हणायची. आणि तिचं दुसरं वाक्य, जे दिवसातून वीस वेळा यायचं, ते म्हणजे, "विचारलंस का?" एकाने दुसऱ्याच्या वाटणीचा मनुका उचलला, विचारलंस का. कोणी पाणी जास्त ओतलं, मैद्याला विचारलंस का. मळलेल्या गोळ्यात बोट खुपसायला लावायची. खड्डा हळूहळू भरून आला तर गोळा तयार. "विचारलं की सांगतो तो. तुम्ही विचारत नाही, ही अडचण."

मी भट्टीशी बसून ऐकायचो. ऐकत नाही असं दाखवायचो.

एका शनिवारी दोन परातींत मैदा मळला. एकीत खमीर, एकीत नाही. दोन्ही ओल्या फडक्याखाली झाकल्या. तासाभराने फडकी काढली तर एक फुगून परातीच्या वर, दुसरी तशीच. बाई म्हणाली, प्रभूचं राज्य असंच असतं म्हणून सांगितलंय. कोणी बघत नाही, आवाज होत नाही, चिमूटभर आत जातं आणि सगळ्याला उठवतं. एक जाडा मुलगा म्हणाला, "मॅडम, और ज्यादा डालेंगे तो?" बाई म्हणाली, "तर आंबट होईल. धर्माचंही तसंच आहे." त्या मुलाला काही कळलं नाही. मला कळलं, पण मी लाकूड सारलं.

एकदा बिनखमिराच्या रोट्या केल्या. मिसरातून गुलाम लोक पळाले तेव्हा पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून तशाच भाजून घेतल्या, ती गोष्ट. मुलांना बूट घालून, उभ्याने, पाठीला दप्तर लावून खायला लावलं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इस पे सेव डालूँ?"

"त्या लोकांना सेव मिळाली नव्हती."

मुलीने हातातल्या कोरड्या रोटीकडे बघितलं आणि म्हणाली, "बेचारे."

बाई हसायला लागली की आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे.

पाच पावांत पाच हजार माणसं जेवली, या गोष्टीच्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाई, मी जन्मभर पाव केले. एका पावात दोन माणसं, ती पण चहाबरोबर. मुलांना असं सांगू नका. उद्या घरी हिशेब मागतील."

ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या पाच पावांत पाच हजार जेवले असते तर कोणी गोष्ट सांगितली असती का? सांगितली असती की भट्टीवाल्याने मैद्यात काहीतरी मिसळलं."

मुलं हसली. मी पण हसलो असेन.

तिचा एक नियम मी आजवर कुठल्या बेकरीत बघितला नाही. आपण केलेला पाव आपण खायचा नाही. प्रत्येकाने आपला उजवीकडच्याला द्यायचा, डावीकडच्याचा घ्यायचा. पहिले दोन शनिवार मुलं रडली. जाड्याने आपला मुद्दाम मोठा केला होता, तो शेजारच्या बारकीला गेला. तिसऱ्या शनिवारी मी बघितलं, तोच जाडा आपला पाव परत परत गोल करतोय. दुसऱ्याला जायचा होता ना. शेवटचा एक पाव भट्टीचा म्हणून माझ्यापुढे ठेवायची. सुरुवातीला मी तो गल्लीतल्या कुत्र्याला टाकला. मग कुत्र्याला टाकणं बंद केलं.

असं दीड वर्ष चाललं. इथवर सगळं बरं आहे. इथेच थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, म्हाताऱ्याने छान लिहिलं.

माझी नात तनू तेव्हा सहा वर्षांची. मुलगा एका कंपनीत, सून तुकोगंजातच एका दवाखान्यात काउंटरवर. शनिवारी तनूला सुट्टी आणि या दोघांना नाही. ती माझ्याकडे असायची. एका शनिवारी मी तिला बेकरीत घेऊन आलो आणि बाईच्या टेबलाशी स्टुलावर बसवलं.

बाईने तिचे हात धुतले, वास घेतला. मग मला बाजूला बोलावून म्हणाली, "भाऊ, हिच्या आईवडलांना विचारलंत का?"

"मी आजोबा आहे तिचा."

"ते दिसतंय. नाक तुमचंच आहे. विचारलंत का?"

"विचारलं असं समजा."

"समजत नाही मी. आमच्या नऊ घरांत मी स्वतः जाऊन आले. ही तुमच्या धर्माची, तुमच्या घरची लेक. इथे येशूच्या गोष्टी होतात, प्रार्थना होते. आजचा दिवस बसू दे, मैदा मळू दे. गोष्टीच्या वेळी तुमच्याजवळ बोलवून घ्या. पुढच्या शनिवारी विचारून आणा. मी येऊ का तुमच्या घरी?"

"काही गरज नाही. मी विचारतो."

आठवडा गेला. मी विचारलं नाही. का, तर माझ्याच नातीला कुठे बसवायचं यासाठी माझ्याच मुलापुढे उभा राहू? ज्याला मी बोट धरून चालवलं त्याला? दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन झोपलो. शनिवारी बाईने विचारलं, "विचारलंत?"

मी म्हणालो, "विचारलं. हो म्हणाला."

तिने माझ्याकडे बघितलं. हातांचा वास घेणारी बाई, माझा चेहरा वाचायला तिला किती वेळ लागणार. पण तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, हे मी आज सांगू शकतो. तनूला म्हणाली, "ये बेटा, तुझी जागा इथे."

पोर रमली. मैद्याचे उंदीर करायची, मनुक्याचे डोळे लावायची. नियमाप्रमाणे उंदीर उजवीकडच्याला जायचा. एकदा उजवीकडे कोणी नव्हतं, तर तिने तो मला आणून दिला. मी शेपटीकडून खाल्ला.

तीन महिने झाले असतील. सुनेच्या माहेरचे लोक जेवायला आले होते. पानं वाढली. व्याही म्हणाले, "तनू, म्हण बेटा जेवणाआधीचा श्लोक." तनूने हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "हे प्रभू, तू जेवण दिलंस म्हणून थँक्यू. ज्यांनी पोळ्या लाटल्या त्यांचं भलं कर. आजोबांच्या भट्टीचं भलं कर. येशूच्या नावाने मागते. आमेन."

व्याही हसले, पण ते हसणं तुम्ही ओळखाल तसलं होतं. "वा, कॉन्व्हेंटमध्ये घातलंय वाटतं."

मुलाने पान बाजूला सारलं नाही की आवाज चढवला नाही. मला विचारलं, "बाबा, ही हे कुठे शिकली?"

मी म्हणालो, "बेकरीत ती बाई मुलं घेऊन येते ना. कानावर पडलं असेल."

पाहुण्यांपुढे एवढंच बोललो. नंतर पाहुणे गेले, तेव्हाही तेवढंच.

मुलाने ऑफिसात कोणाला तरी सांगितलं, त्याने अजून कोणाला. पुढच्या शनिवारी दुपारी बेकरीपुढे दहा-बारा जण उभे राहिले. पुढे आमच्या वॉर्डातला एक पुढारी, सगळे त्याला भिया, म्हणजे इंदुरी भैया, म्हणतात, मीही म्हणतो. रोज सकाळी माझ्याकडूनच टोस्ट नेणारा. त्यांतल्या दोघांच्या हातात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. त्यांनी माझ्या मुलालाही ऑफिसातून बोलावून आणलं होतं. तो एका कडेला मान खाली घालून उभा.

आत टेबलाशी दहा मुलं, कोपरापर्यंत मैदा. पहिले पाव भट्टीत गेलेले. तनू घाबरून बाईच्या पदराआड.

भिया मला म्हणाला, "काका, आपसे झगडा नहीं है. आप तो अपने हो. बस इतना बता दो, बच्ची को यहाँ किसने बिठाया? घर में पूछा था किसी ने?"

बघा, एवढंच होतं. मला म्हणायचं होतं, मी बसवलं. बाईने तीन वेळा विचारायला सांगितलं, मी खोटं बोललो. एवढ्यावर सगळे घरी गेले असते. माझा मुलगा माझ्यावर चिडला असता, लोक दोन दिवस हसले असते. बाईचा शनिवार राहिला असता.

पण माझा मुलगा समोर होता, शेजारचे होते, कारागीर होता, मोबाइल होते. मी म्हणालो, "मी भट्टीवर असतो. मागे कोण येतं, कोण बसतं, मला काय माहीत."

बाईने माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होतो की आता ही बोलेल. बोलली असती तर मी भांडलो असतो, तिला खोटारडी म्हटलं असतं, कदाचित भांडता भांडता खरं तोंडातून निघालंही असतं. ती भियाकडे वळली आणि म्हणाली, "गलती मेरी है. मुझे खुद बच्ची के घर जाकर पूछना चाहिए था. नहीं गई."

मुलाकडे बघून मराठीत म्हणाली, "माफ करा. तुमची मुलगी आहे, तुम्हाला विचारायला हवं होतं."

मग तिने त्या लोकांकडे पाच मिनिटं मागितली. कोणीतरी मागून ओरडलं, पण भियाने हात वर केला. तिने दहाही मुलांचे हात नळाखाली धुतले, एकेकाचे, नेहमीसारखे. पुसले. तनूचा हात तिच्या बापाच्या हातात दिला. बाकीच्यांना बाहेर नेलं. दारातून मागे वळून मला एवढंच म्हणाली, "भाऊ, पाव काढा. जळतील."

मी काढले नाहीत. लांब दांड्याचं फावडं हातात होतं. सगळे गेले तरी मी तसाच उभा. कारागीर दोनदा म्हणाला, काका, काका. वास आला, धूर आला. मला कोणी काय करायचं ते सांगायचं नाही, एवढं एकच डोक्यात होतं. संध्याकाळी दहा कोळसे बाहेर काढले.

मुलांचा धर्म बदलवते अशी तक्रार देऊन त्या लोकांनी बाईला ठाण्यात नेलं, तिथे अंधार पडेपर्यंत बसवून ठेवलं. ठाणं बेकरीपासून सायकलवर दहा मिनिटं. मी गेलो नाही. केस झाली नाही, लिहून घेऊन सोडलं. पण व्हिडिओ फिरला. त्यात तिचंच तोंड, तिचंच वाक्य, गलती मेरी है. चर्चच्या लोकांनी तिला सांगितलं, मुलांचं आता बंद करा, तुमच्यापायी सगळ्यांवर बालंट येईल. घरमालकाने खोली सोडायला सांगितली. महिन्याभरात भाचा टेम्पो घेऊन आला आणि तिला सिमरोलला घेऊन गेला. टेम्पो माझ्या बेकरीवरून गेला. मी टोस्ट रचत होतो.

आणि खरं लिहायचं तर मला तिचाच राग यायचा. माझं खोटं तिने स्वतःच्या डोक्यावर घेतलं, कोणी सांगितलं होतं? माणसाशी भांडता येतं. जो भांडतच नाही त्याचं काय करायचं. शनिवारी दुपारी भट्टी निवत पडायची आणि मी कारागिराला उगाच शिव्या द्यायचो. तनूने दोन-चारदा विचारलं, मॅडम कुठे गेल्या. मग विचारेनाशी झाली.

वर्षभराने मी सिमरोलला गेलो. घरी सांगितलं, नानखटाईची ऑर्डर आहे. बसमधून उतरून विचारत विचारत भाच्याच्या क्वार्टरशी पोचलो. बाई दारातच बसली होती. पुढे लहान परात, दोन माणसांपुरती कणीक. बाई स्वतः वाळली होती. घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकत होतं.

"सलाम, भाऊ. या. तनू बरी आहे?"

"बरी आहे."

"मुलगा, सून?"

"बरे आहेत."

तिने चहा केला. मी वाटेत सगळं जुळवून आणलं होतं, पहिलं वाक्य काय, दुसरं काय. चहा संपला. ती म्हणाली, "मीठ टाकता ना बरोबर?"

मी म्हणालो, "पहिल्यापासून बरोबरच होतं."

तिचे खांदे हलले. मी उठलो. बस सुटेल म्हणालो. बस सुटायला एक तास होता, तो मी चौकात उभा राहून काढला. पुन्हा गेलो नाही. मग ते रोगाचं वर्ष आलं, बेकरी बंद, रस्ते बंद, आणि न जायला मला चांगलं कारण मिळालं.

दोन हजार बावीसमध्ये, एका शनिवारी दुपारी, तिचा भाचा बेकरीत आला. चाळिशीचा शांत माणूस. म्हणाला, "काका, आत्या मागच्या सोमवारी गेली. झोपेतच. तुम्हाला कळवावं असं वाटलं."

मी त्याला आत बसवलं. तो टेबलाकडे बघत होता. म्हणाला, "एक विचारू? आत्याने कधी सांगितलं नाही. ती खरंच घरच्यांना न विचारता दुसऱ्यांची मुलं बसवायची का? दफनाच्या दिवशीसुद्धा आमची माणसं बोलत होती, बाई चांगली होती, पण तिच्या हट्टापायी शाळा बुडाली. मला ते पटत नाही. मी लहानपणी तिच्याकडे होतो. साखरेचा दाणा विचारल्याशिवाय घेऊ द्यायची नाही ती."

मी म्हणालो, "तुझ्या आत्याने मला तीन वेळा विचारायला सांगितलं. मी विचारलं नाही आणि विचारलं म्हणून सांगितलं. त्या दिवशी सगळ्यांपुढेही खोटं बोललो."

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उठताना म्हणाला, "हे तुम्ही आमच्या चर्चमध्ये येऊन सांगाल? उद्या रविवार आहे."

संध्याकाळी मुलगा घरी आला. तो बूट काढत होता तेव्हाच त्याच्यापुढे उभा राहून सांगितलं. सगळं, क्रमाने. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

मुलगा एक बूट हातात धरून बसला. म्हणाला, "बाबा, मला राग आला होता तो एवढ्याचाच की माझ्या पोरीला कोणी मला न विचारता घेऊन बसलं. तुम्ही विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं. मैदा मळते, गोष्टी ऐकते, तुमच्या नजरेपुढे आहे. मी कशाला नाही म्हणणार होतो?"

सून म्हणाली, "मला तर सुटल्यासारखं झालं असतं. शनिवारी जीव टांगणीला असायचा माझा."

मी अडुसष्ट वर्षांचा माणूस. जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवली नाही. आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला आणि चर्चमध्ये गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. प्रार्थना संपल्यावर भाच्याने पुढे जाऊन पाळकांच्या कानात काही सांगितलं, त्यांनी मला बोलावलं. मी माइक घेतला नाही. उभा राहून सांगितलं, बाईने विचारायला सांगितलं होतं, खोटं मी बोललो, तुमची शाळा माझ्यामुळे बुडाली. तिच्या नावाने बोलू नका.

काही बायकांनी डोळे पुसले. एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, "भाऊ, आम्ही तुम्हाला क्षमा केली आहे." मी म्हणालो, "मी ती मागायला आलो नव्हतो." पाळकांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मी डोळे उघडे ठेवले.

बाहेर अंगणात चहा होता. मी पाळकांना म्हणालो, "माझी भट्टी शनिवारी दुपारी रिकामी असते. मुलं पाठवा. घरोघरी विचारायला मी स्वतः येतो, प्रत्येक दारात."

त्यांनी त्या गृहस्थांकडे बघितलं, गृहस्थांनी त्यांच्याकडे. पाळक म्हणाले, "तुमची भावना मोठी आहे. पण आता ते नको. दिवस तसे नाहीत. आणि मुलांचं चाललंय छान, मोबाइलवर व्हिडिओ येतात, चित्रांसकट. घरूनच बघतात."

एका बाईने चहाचा कप आणि बशी आणून दिली. बशीत पाकिटातली दोन बिस्किटं होती. मी चहा प्यायलो, बिस्किटं बशीतच ठेवली, आणि बेकरीत जाऊन भट्टी पेटवली. पाव निघाले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गिऱ्हाईक दुसरीकडून घेऊन गेलं होतं.